अर्ध्या मिलिमीटरची चूक

लॅपटॉप दुरुस्तीचं नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद होतं म्हणून घरची धाकटी लेक समोरच्या दुकानात शिरली, नाहीतर ही गोष्ट घडलीच नसती. सोमवारची सकाळ होती, ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं आणि तिच्या खांद्यावर साडेतीन किलोचा लॅपटॉप होता. लॅपटॉप म्हणायचं ते आपलं नावापुरतं. इमारतींचे आणि पुलांचे आराखडे, त्यांची हुबेहूब चलचित्रं तयार करायचं ते दणकट मशीन होतं, आत दोन पंखे आणि बाहेर विटेएवढा चार्जर असलेलं. तिने ते काउंटरवर ठेवलं, ते जवळजवळ आपटलंच.

"पंधरा मिनिटांत बंद पडतो," ती म्हणाली. "मला शुक्रवारच्या आत सलग चोवीस तास चालायला हवाय."

काउंटरमागचे गृहस्थ म्हणजे दुकानाचे मालक. अख्खा बाजार त्यांना मामा म्हणायचा. मामांनी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. वरून नुसता हात फिरवला आणि निदान सांगून मोकळे झाले. मदरबोर्ड गेलाय, नवीन मशीन घ्या. आणि वर फुकटचा सल्ला, की बाईमाणसाला एवढं अवजड धूड हवंच कशाला, हलकंफुलकं काहीतरी दाखवतो.

धाकटीचं टाळकं सटकलं. तसं ते सटकायला फार वेळ लागायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण या वेळी कारणही होतं. बावीस दिवसांपूर्वी तिने नोकरी सोडली होती. चार वर्षं तिने ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मान मोडून काम केलं, तिथे तिने काढलेली भाजीमंडई उभी राहिली आणि उद्घाटनाच्या पाटीवर साहेबांचं एकट्याचं नाव झळकलं. तिने विचारलं, तर साहेब म्हणाले, पोरी, नाव फर्मचं असतं, एवढी तापतेस काय. तिने त्याच दुपारी राजीनामा दिला. आता नगरपालिकेने नदीवरच्या पादचारी पुलासाठी खुली स्पर्धा ठेवली होती. कुणीही भाग घ्यावा, स्वतःच्या नावाने घ्यावा. पूल तिने काढून ठेवला होता, कागदावर तो पक्का उभा होता. राहिली होती ती त्या पुलाची तीन मिनिटांची फिल्म, आणि नेमकं तिच्याच वेळी मशीनने मान टाकली होती.

"हलकंफुलकं तुमच्या घरच्यांना द्या," ती मामांना म्हणाली आणि लॅपटॉप उचलायला लागली.

"मामा... उघडून तरी बघू द्या की," आतून आवाज आला.

पडद्यामागून एक तरुण बाहेर आला. सडसडीत, लांब बोटांचा, भिंग कपाळावर सरकवलेलं, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. हा मामांचा सख्खा भाचा. दुकानातली सगळी दुरुस्ती तोच करायचा आणि बाजार त्याला भाचेबुवा म्हणायचा. त्याने मशीन सुरू केलं, डोळे मिटले आणि कान जवळ नेऊन पंख्यांचा आवाज ऐकत राहिला. धाकटीने आजवर इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा पुरुष पाहिला नव्हता, मग तो पंख्याचं का ऐकत असेना.

"बोर्डाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "आतली हवा बाहेर पडत नाहीये. फार तापलं की हे आपणहून बंद होतं, जळून जाऊ नये म्हणून. शहाणं मशीन आहे."

"मालकीणबाईंचं उलट आहे," ती म्हणाली. "तापल्यावर बंद होणं मला जमत नाही."

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, तरी ते हसू तिला दिसलंच.

त्याने तिच्यासमोरच तळाचं झाकण काढलं. पंख्यांच्या तोंडाशी धुळीचा घोंगडीसारखा जाड थर बसला होता आणि त्यात लाल, निळे, पिवळे बारीक धागे अडकले होते. घरी कुणी शिवतं का, असं त्याने विचारलं. आई शिवते, तिने सांगितलं, आणि उगाचच बरं वाटलं तिला. त्याने बेत सांगितला. धूळ काढायची, मुख्य चिप आणि तिच्यावरचा तांब्याचा पत्रा यांच्यामधली वाळून गेलेली पेस्ट बदलायची, आजूबाजूच्या बारक्या चिपांवरच्या मऊ पट्ट्याही नव्या घालायच्या, म्हणजे सगळी उष्णता पत्र्यात जाईल आणि पंखे ती बाहेर फेकतील. उद्या सकाळी या.

मंगळवारी सकाळी लॅपटॉप घेऊन ती नाचतच घरी आली. फिल्म बनवायला लावली. एका सेकंदाची चोवीस चित्रं, तीन मिनिटांची चार हजार तीनशे वीस. एकेक चित्र वीस सेकंदांत झालं की चोवीस तासांत काम फत्ते. पहिल्या दहा मिनिटांत तसं झालंही. मग चित्रं रेंगाळू लागली. मशीन आता बंद पडत नव्हतं, पण अंगात त्राण नसल्यासारखं रखडत होतं. एका चित्राला सत्तर सेकंद. तिने हिशोब केला, परत केला. साडेतीन दिवस लागणार होते आणि अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंतच घेणार होते.

त्यातच बाबा तोंड बारीक करून खोलीच्या दारात उभे राहिले. ती नोकरी त्यांच्या ओळखीने लागली होती, त्यामुळे ती सुटल्याचं त्यांना तिच्यापेक्षा जास्त लागलं होतं. साहेबांचा फोन आला होता म्हणे, आणि पुलाचं, रखडलेल्या मशीनचं सगळं बाबांनीच त्यांना सांगून टाकलं होतं. साहेब मोठ्या मनाचे आहेत, झालं गेलं विसरायला तयार आहेत. ऑफिसची मशीनं वापर, फिल्म पूर्ण कर, फक्त पूल फर्मच्या नावाने जाऊ दे. चार वाजता ते पुन्हा फोन करणार आहेत, तेव्हा नीट बोल.

"वाकलेलं झाड मोडत नाही, बाळ," बाबा म्हणाले.

"बाबा, मी चार वर्षं वाकलेलीच होते," ती म्हणाली. लॅपटॉप बगलेत मारला आणि तरातरा बाजाराकडे निघाली.

दुकानात शिरताना काय काय बोलायचं ते तिने वाटेत घोकून ठेवलं होतं. ती बोललीही. मामा हात चोळत म्हणाले, मी कालच सांगितलं होतं, बोर्ड गेलाय. भाचेबुवाने मशीन सुरू केलं, त्यावर थोडा वेळ काम चालवलं आणि स्क्रीनवरचे आकडे वाचत गेला. बारक्या चिपा गारेगार होत्या. मुख्य चिप शंभर अंशांना टेकली होती. त्याचा चेहरा उतरला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला.

मामा खाकरले. जोरात खाकरले.

"पट्ट्या एक मिलिमीटरच्या हव्या होत्या," भाचेबुवा तिच्याकडे बघून सांगत राहिला. "मी दीडच्या घातल्या. पत्रा त्या पट्ट्यांवर टेकून वर राहिला, मुख्य चिपला नीट लागलाच नाही. अर्धा मिलिमीटर... पण तेवढ्यानं सगळं बिघडलं. तुमचा अर्धा दिवस माझ्यामुळे गेला."

"दीडच्या का घातल्या?" तिचा आवाज तिच्या नकळत खाली आला होता.

"जाड म्हणजे जास्त चांगल्या, असं वाटलं. म्हणजे... नेहमी नाही वाटत मला असं. तुमच्या मशीनला घालताना वाटलं."

धाकटी घोकून आणलेलं उरलेलं सगळं विसरून गेली. चार वर्षांत तिच्या ऑफिसात खांब चुकले होते, जिने चुकले होते, एकदा तर अख्खी गच्ची चुकली होती. पण चूक माझी आहे, हे वाक्य एकाही पुरुषाच्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं. आणि हा माणूस ते मालकासमोर, गिऱ्हाइकाच्या तोंडावर, सरळ उभा राहून म्हणाला होता.

मामांना मात्र ते झोंबलं. दुकानाचा नियम होता, गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची नाही. बोर्डाचं कारण सांग, कंपनीचं सांग, विजेचं सांग, पण आपलं सांगू नको. आता हे मशीन परत उघडलंस तर पेटी उचल आणि चालता हो, असं ते रागाच्या भरात बोलून गेले. बोलून झाल्यावर त्यांनाही ते जरा जास्तच वाटलं असावं, कारण ते थांबले. पण भाच्याने तोवर स्क्रूड्रायव्हरची पेटी उचलली होती.

दोघं रस्त्यावर आली. डोक्यावर ऊन, तिच्या हातात लॅपटॉप, त्याच्या हातात पेटी.

"एखादं टेबल आहे का कुठे?" त्याने विचारलं.

"आहे की," धाकटी म्हणाली. "आमच्या घरी. जेवायचं."

भरदुपारी परक्या तरुणाला घेऊन लेक घरात शिरली तेव्हा बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. हे कोण, असं त्यांनी विचारलं. मशीन दुरुस्त करायला आलेत, तिने सांगितलं, आणि माझ्यापायी यांचं दुकान सुटलंय. माझ्याच पायी सुटलंय, भाचेबुवाने दुरुस्ती केली. बाबांना कुणाला रागवावं ते कळेना.

खिडकीपाशी आई शिलाई मशीनवर बसली होती. तिने टेबलावरचं कापड काढून घेतलं, टेबल पुसून दिलं आणि म्हणाली, "माझं मशीनही तापतं हो, मोटर लावल्यापासून."

"संध्याकाळी बघतो, काकू," तो म्हणाला. आई तिथेच जिंकली गेली.

झाकण निघालं. स्क्रू त्याने एका बशीत ओळीने मांडले. जाड पट्ट्या सोलल्या, एक मिलिमीटरच्या कापून बसवल्या, नवी पेस्ट लावली. पत्रा दाबून बसवला आणि लगेच परत उचलला. धाकटी दचकली. त्याने तिला जवळ बोलावून पत्र्याखालचा ठसा दाखवला. पेस्ट कडेपर्यंत एकसारखी पसरली असेल तर पत्रा टेकलाय असं समजायचं. काल हे बघायचं राहून गेलं होतं. ती वाकून बघत होती, तिच्या केसांची बट त्याच्या मनगटाला लागत होती, आणि ठसा बघून झाला तरी दोघांपैकी कुणी मागे सरलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. चार वाजले होते.

बाबांनी फोन घेतला, हो साहेब, हो साहेब केलं आणि तो तिच्यापुढे धरला. टेबलावर मशीन उघडं पडलं होतं, बशीत स्क्रू होते. ते चालेल की नाही, हे अजून देवालाही ठाऊक नव्हतं. साहेब फार गोड बोलले. घरचंच ऑफिस आहे, पोरी. फर्मचं नाव काय नि तुझं नाव काय, एकच.

"एकच आहे ना साहेब?" धाकटी म्हणाली. "मग माझंच राहू द्या."

पलीकडून फोन बंद झाला. बाबा कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. शिलाई मशीनची खडखड थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात.

"मशीन अजून जोडलेलं नाही मी," भाचेबुवा हळूच म्हणाला.

"दिसतंय मला."

"तरी नाही म्हणालात?"

"तुम्ही दुकानातून बाहेर पडलात तेव्हा तुमच्याकडे काय होतं?"

"पेटी."

"मग झालं तर."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग बशीतले स्क्रू उचलून एकेक करून घट्ट बसवायला लागला.

मशीन सुरू झालं. लॅपटॉपखाली हवा खेळायला हवी होती, तर आईने दोऱ्याची चार रिकामी रिळं आणून दिली. त्याने ती चार कोपऱ्यांना लावली, खिडकीपासून टेबल सरकवून धागे उडून येणार नाहीत असं केलं, टेबलफॅन बाजूला ठेवला. चिप शंभरावरून नव्वदीत आली. आता शेवटचं एक काम, तो म्हणाला. चिपला जाणारी वीज थोडी कमी करू.

आणि धाकटी भडकली.

"कमी नको. काही कमी करायचं नाहीये मला. लहानपणापासून हेच ऐकतेय, कमी बोल, कमी ताप, कमी माग. मशीनचंही तेच?"

बाबा वर्तमानपत्राआड गेले. भाचेबुवा मात्र बिचकला नाही. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"काम कमी करा असं कुठे म्हणतोय मी? वेग तोच राहणार. कंपनी जपून म्हणून गरजेपेक्षा जरा जास्त वीज देते, त्या जास्तीची नुसती उष्णता होते. तेवढीच काढतो. मग हे पूर्ण ताकदीनं पळेल... आणि पळत राहील." तो जरा थांबला. "तुम्हाला कमी व्हायला सांगणाऱ्यांतला मी नाही. मला तर तुम्ही आहात तेवढ्याही पुरत नाही."

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं होतं, हे त्याच्या कानांच्या रंगावरूनच कळत होतं. धाकटीला एकदम टेबलफॅनचा वारा पुरेना. तिने नुसतं म्हटलं, "करा मग."

त्याने घाई केली नाही. एक पायरी कमी करायचा, दहा मिनिटं मशीन पळवायचा, आकडे वहीत उतरवायचा. सहाव्या पायरीला मशीन अडखळलं, तशी तो एक पायरी मागे आला आणि तिथेच थांबला. चिप ब्याऐंशीवर स्थिर. चित्राला एकोणीस सेकंद. जाण्याआधी त्याने आईच्या मोटरचा पट्टाही सैल करून दिला.

बुधवारी सकाळी नऊ वाजता फिल्म बनायला लागली आणि साडेनऊला भाचेबुवा दारात हजर. पंख्याचा आवाज ऐकायला आलो, म्हणाला. अकरा वाजता जाऊन एक वाजता परत आला, कारण आकडे बघायचे राहिले होते. तीन वाजता आला तेव्हा त्याला कारण सापडेना.

"आता काय बिघडलंय?" धाकटीने दार अडवून विचारलं.

"मशीनचं काहीच नाही," तो म्हणाला.

तिने दार सोडलं, पण एवढंसंच. त्याला अंग चोरून आत यावं लागलं.

त्या तीन फेऱ्यांत तिला बरंच कळलं. मामांनी सकाळी निरोप पाठवला होता, झालं ते विसर आणि ये. त्याने उलट निरोप धाडला, येईन, पण चूक झाली तर सांगणार. मामांचं उत्तर अजून आलं नव्हतं आणि तो त्याची वाटही बघत नव्हता. बाजारात एका जिन्याखालची जागा त्याने पाहून ठेवली होती, एक टेबल मावेल एवढी. बाबाही हे ऐकत होते. मग त्यांनी, कधी नव्हे ते, आपणहून त्याला विचारलं की मालकासमोर चूक कबूल करताना भीती नाही का वाटली. वाटली ना, तो म्हणाला, पण न सांगता यांच्याकडे बघणं त्याहून अवघड होतं. बाबांनी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पंचवीस वर्षं ऑफिसात काढलेल्या त्या माणसाने हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

गुरुवारी सकाळी फिल्म तयार झाली. चौघांनी ती टेबलाभोवती उभं राहून पाहिली. नदी, तिच्यावरून कमरेत किंचित वळलेला पूल, मधोमध बसायला कठडा, पावसाळ्यात पाणी चढलं तरी कोरडी राहणारी वाट. तीन मिनिटं कुणी हललं नाही. संपल्यावर बाबा म्हणाले, परत लाव.

शुक्रवारी दुपारी दोघं नगरपालिकेत गेली. फाइल मोठी म्हणून मशीनच बरोबर न्यायचं होतं आणि ते त्याने छातीशी धरलं होतं. खिडकीसमोर चार माणसांची रांग होती, आणि रांगेत सगळ्यात पुढे फर्मचा अर्ज घेऊन उभे होते साहेब.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. तिला पाहिलं, मग त्याला, त्याचा साधा शर्ट, खिशातला स्क्रूड्रायव्हर. त्यांनी हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अच्छा, याच्या जोरावर उड्या मारतेस होय?"

रांग वळून बघायला लागली. खिडकीतल्या कारकुनानेही मान वर केली. धाकटीचा आवाज बाहेर पडला तो स्वच्छ.

"उड्या माझ्याच जोरावर मारते, साहेब. हा मला आवडतो, म्हणून बरोबर आणलाय."

साहेबांचं हसू तिथेच जिरलं. ते खिडकीकडे वळले आणि उगाच कागद चाळत राहिले. भाचेबुवा मशीन धरून खांबासारखा उभा होता. रांग पुढे सरकली तरी त्याला सरकायचं सुचलं नाही, शेवटी मागच्या म्हाताऱ्याने त्याला कोपराने ढकललं. तिने अर्जावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली. फाइल गेली. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली. निकाल महिन्याने.

बाहेरच्या पायऱ्यांवर तो थांबला.

"मघाशी आत जे म्हणालात... ते साहेबांना डिवचायला?"

"डिवचायला तर म्हणालेच," ती म्हणाली. "पण खोटं नव्हतं."

"मला सोमवारपासून..." त्याने मशीन एका काखेत घेतलं, वाक्य मात्र सावरता येईना. "तुम्ही मामांना हलकंफुलकं घरच्यांना द्या म्हणालात ना, तेव्हापासून. मी पडद्यामागे होतो, तुम्हाला पाहिलंही नव्हतं. नुसता आवाज ऐकला आणि वाटलं, ही बाई परत गेली तर मला आयुष्यभर चुटपुट लागेल. म्हणून बाहेर आलो. फार प्रेम आहे माझं तुमच्यावर. जिन्याखालचं दुकान आहे, तेही अजून झालेलं नाही, तरी सांगतोय."

तिने त्याचा मोकळा हात धरला. भरदिवसा, भर चौकात, साहेबांची गाडी समोर उभी असताना.

आणि तेवढ्यात पायऱ्यांखाली बाबा दिसले. घामाघूम झाले होते, चालतच आले असावेत. भाचेबुवाने हात सोडवायला पाहिलं, तिने तो आणखी घट्ट धरला. बाबांनी त्या हातांकडे पाहिलं. वर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती नजर चुकवणार नाही, हे त्यांना ती दोन वर्षांची होती तेव्हापासून माहीत होतं.

"दिला का अर्ज?" त्यांनी विचारलं.

"दिला."

"कुणाच्या नावाने?"

"माझ्या."

बाबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग दोन पायऱ्या चढून वर आले आणि भाचेबुवाच्या काखेतलं ते साडेतीन किलोचं धूड स्वतःच्या हातात घेतलं.

"चला मग लवकर," ते म्हणाले. "आईने चार ताटं वाढलीयत."